एकट्याचा तग : खेळातले नियम आणि डोंगरावरचे नियम



गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीतील नववीचा एक विद्यार्थी संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, वीस फुटांवरून पाण्यात उडी मारली तर लागत नाही ना? पाणी धक्का शोषून घेतं ना?" दोन दिवसांनी तो मित्रांबरोबर बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला जाणार होता. ही समजूत तुला कुठे मिळाली, असे विचारता तो जरा थांबला आणि म्हणाला, "माइनक्राफ्टमध्ये तसंच होतं."

हा संगणकावरील खेळ तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तो स्वीडनमध्ये तयार झाला. त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. खेळाडूला एका ओसाड जगात रिकाम्या हाताने सोडलेले असते. लाकूड तोडावे, दगड खणावा, हत्यारे घडवावीत, निवारा बांधावा आणि रात्री चालून येणाऱ्या राक्षसांपासून जीव वाचवावा, असा हा खेळ आहे. मित्रांच्या संगतीने खेळताना एक पडला तर दुसरा सावरून घेतो. एकट्याने खेळताना मात्र प्रत्येक चुकीची किंमत आपणच मोजायची असते.

त्या विद्यार्थ्याला मी 'खेळ सोड' असे सांगितले नाही. आम्ही दोघांनी वही घेतली आणि खेळातील नियम एकेक करून मांडले. त्यातून असे दिसून आले की, एकट्या खेळाडूला वाचवते ती चपळाई नव्हे, तर मोजणी. ही मोजणी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगली जमली पाहिजे. आणि ज्याला ती जमली, त्याला हेही कळते की खेळाचे नियम कोठे संपतात. पुढील आकडे या खेळाच्या संगणकावरील 'जावा' आवृत्तीचे आहेत. मोबाईलवरील आवृत्तीत, विशेषतः लढाईच्या बाबतीत, थोडा फरक आहे.

१. शक्तीचा जमाखर्च

खेळाडूजवळ जीवनाचे २० गुण (पडद्यावर १० हृदये) आणि भुकेचे २० गुण असतात. धावणे, उड्या मारणे, घाव घालणे यांमुळे भुकेचे गुण घटतात. सुमारे ४० मीटर धावले की एका गुणाएवढा खर्च होतो. साध्या चालण्याला मात्र काहीच खर्च नाही. जखम भरून येण्यालाही अन्न लागते : जीवनाचा १ गुण परत मिळविण्यास भुकेचे सुमारे दीड गुण जातात. भुकेचे गुण ६ किंवा त्याहून कमी झाले की धावताच येत नाही.

यावरून एकट्यासाठी पहिला नियम निघतो. विनाकारण धावू नका, चाला. धावण्याची शक्ती पळून जाण्याच्या प्रसंगासाठी राखून ठेवा. भुकेचे गुण १८ च्या खाली असताना स्वतःहून लढाई काढू नका, कारण तेव्हा साध्या परिस्थितीत जखम आपोआप भरत नाही. खाणीत उतरण्यापूर्वी शिदोरी मोजून घ्या.

आता हाच जमाखर्च खऱ्या डोंगरावर मांडू. समजा, ५० किलोग्रॅम वजनाचा मुलगा मलंगगडाच्या वाटेने ३०० मीटर उंची चढला. गुरुत्वीय त्वरण १० धरले तर त्याने केलेले कार्य

५० × १० × ३०० = १,५०,००० जूल.

आपले स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने पंचमांशच अशा कार्यात बदलू शकतात. म्हणजे एकूण खर्च सुमारे ७,५०,००० जूल, आणि त्यातील ६,००,००० जूल उष्णतेच्या रूपाने शरीरात उरतात. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे निदान पाव लिटर घाम पूर्णपणे वाळला पाहिजे. परंतु ठाणे-कल्याणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, ओघळतो. ओघळलेल्या घामाने शरीर फारसे थंड होत नाही, पाणी मात्र जाते. त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी अधिक पाणी खर्ची पडते.

माइनक्राफ्टमध्ये भूक आहे, पण तहान नाही! खेळाडू महिनोन्महिने पाण्याच्या थेंबावाचून हिंडतो. डोंगरावर मात्र भाकरीच्या आधी पाणी संपते. खेळातील जमाखर्चाची सवय चांगली. पण वहीत पाण्याचा रकाना आपण स्वतः आखला पाहिजे.

२. उजेडाची मोजणी

खेळातील एक दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांची असते. म्हणजे तेथील काळ आपल्या काळाच्या ७२ पट वेगाने धावतो. बहुतेक राक्षस अंधारात निर्माण होतात. नोव्हेंबर २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत दिव्याच्या उजेडाचे मूल्य जेथे शून्य असते, अशाच अंधाऱ्या जागी ते उपजतात. मशालीचा उजेड १४ असतो आणि तो दर ठोकळ्यामागे एकाने घटतो. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. म्हणून सरळ बोगद्यात १३ मीटरपर्यंत उजेडाचे मूल्य निदान १ राहते आणि १४ व्या मीटरवर ते शून्य होते. दोन्ही बाजूंच्या मशालींचा विचार केला, तर त्या २७ मीटर अंतरावर लावल्या तरी मधला एकही ठोकळा अंधारात राहत नाही. उघड्या जागेवर मात्र अंतर तिरपे मोजून चालत नाही. पूर्वेला ५ आणि उत्तरेला ६ ठोकळे गेलात, तर उजेड १४ − ११ = ३ उरतो.

खरा उजेड असा वागत नाही. लहानशा दिव्यापासून दुप्पट अंतरावर गेलो की उजेड निम्मा नव्हे, तर चौथाई होतो. तिप्पट अंतरावर तो नवव्या हिश्श्यावर येतो. हा व्यस्त वर्गाचा नियम. म्हणून खरा दिवा जवळ फार उजळ व लांब फार मंद दिसतो. पण तो कोणत्याही ठराविक मीटरवर एकदम शून्य होत नाही. अंधारातून येणाऱ्याला तो फार दुरूनही दिसतो.

ठाण्याचे येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वसलेले आहे आणि तेथील जंगलात बिबटे आहेत. तिन्हीसांजेनंतर विजेरी लावून, बोलत-आवाज करत, मिळून चालावे, असे तेथे सांगितले जाते. त्याचे कारण खेळातल्यासारखे नाही. उजेडामुळे बिबट्या 'उपजत नाही' असे नव्हे, तर माणूस येत आहे हे त्याला आधी कळते आणि तो वाट सोडतो.

३. लढाई : अंतर आणि वेळ

नवखा खेळाडू राक्षस दिसताच भराभर बटण दाबत सुटतो. येथेच तो फसतो. २०१६ पासून या आवृत्तीत तलवारीच्या दोन घावांमध्ये सुमारे ०.६ सेकंद जावे लागतात, तेव्हाच पूर्ण बळाचा घाव बसतो. निम्म्याच वेळात पुन्हा घाव घातला, तर त्याचे बळ सुमारे दोन पंचमांशच राहते. म्हणजे घाईने घातलेले दोन घाव मिळून एका शांत घावाएवढेही होत नाहीत. लोखंडी तलवारीचा पूर्ण घाव ६ गुणांचा असतो. झोंबी या राक्षसाचे २० गुण असतात. म्हणून चार पूर्ण घाव पुरेत. मोजून मारा, मागे सरा, पुन्हा मारा.

आता क्रीपर या हिरव्या राक्षसाकडे पाहू. तो आवाज न करता जवळ येतो, तीन मीटरच्या आत आला की फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. फुसफुसत असताना तो जागीच थांबतो आणि आपण सात मीटरच्या पलीकडे गेलो की शांत होतो. आता गणित करा. तीनवरून सातवर जाण्यास ४ मीटर कापायचे. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.३ मीटर. म्हणून लागणारा वेळ

४ ÷ ४.३ = सुमारे ०.९३ सेकंद.

दीड सेकंदातून हा वेळ वजा केला तर ०.५७ सेकंद उरतात. आवाज कानी पडल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तो वजा करूनही सुमारे ०.३ सेकंद शिल्लक राहतात. याचा अर्थ असा की, मागची वाट मोकळी असेल तर क्रीपरपासून घाबरून पळण्याची गरज नाही. तात्काळ चालत मागे सरले तरी पुरते. पण मागे भिंत किंवा खड्डा असेल तर हे सारे गणित कोलमडते. म्हणून एकट्याने हिंडताना दर थोड्या वेळाने मागे वळून परतीची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे.

तिसरा शत्रू म्हणजे बाण मारणारा हाडांचा सांगाडा. उघड्यावर त्याच्याकडे सरळ धावत जाणे म्हणजे त्याला नेम धरू देणे होय. भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला उभे राहा, त्याला कोपऱ्यापर्यंत येऊ द्या आणि मग गाठा. सहा फळ्या आणि लोखंडाची एक वीट यांपासून ढाल बनते. ती समोरून येणारे बाण अडवते, पाठीमागून येणारे नाही. एकट्याने पहिले लोखंड मिळताच तलवारीआधी ढाल करावी, असे माझे मत आहे. कारण आपल्या पाठीशी दुसरा कोणी नसतो.

या साऱ्या नियमांचे सार इतकेच की शत्रूचा पल्ला आणि आपला वेळ यांची तुलना करा. परंतु खेळातले राक्षस आपल्यावर चालून यावेत, अशीच त्यांची योजना केलेली असते. जंगलातले जनावर तसे नसते. बिबट्या समोर आला तर त्याच्याशी लढण्याचा विचार करू नये आणि पाठ फिरवून पळूही नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही शिकारी प्राण्याची वृत्ती आहे. खाली वाकू नये. ताठ उभे राहावे, लहान भावंडाला उचलून घ्यावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे व्हावे. मागची वाट मोकळी ठेवण्याचा नियम तेवढा दोन्हीकडे सारखाच आहे!

४. उंची आणि पाणी

आता आपल्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. खेळात पडण्याचा नियम सोपा आहे : जितके मीटर पडाल त्यातून ३ वजा करा, तेवढे गुण गेले. १० मीटर पडल्यास ७ गुण जातात. २३ मीटर पडल्यास २० गुण, म्हणजे प्राणच जातो. म्हणून कड्याच्या काठावर लढू नये, सरळ पायाखालचा दगड खणू नये, हे नियम एकट्याने पाळावेत.

या नियमात थोडे खरे भौतिकशास्त्रही आहे. पडताना मिळणारी ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते आणि खेळातील इजाही उंचीच्या प्रमाणातच वाढते. मात्र खेळातील गुरुत्वीय त्वरण ३२ आहे, म्हणजे पृथ्वीच्या तिपटीहून अधिक! आणि तरीही तीन मीटरपर्यंतचे पडणे तेथे फुकट असते. आपल्याकडे तीन मीटरवरून ५० किलोग्रॅमचा मुलगा पडला, तर जमिनीशी येईपर्यंत त्याच्याजवळ ५० × १० × ३ = १,५०० जूल ऊर्जा असते. ती ५ सेंटिमीटर अंतरात थांबवायची तर सरासरी सुमारे ३०,००० न्यूटन बल लागते. ताठ पायांवर पडल्यास हाड मोडते ते यामुळेच. गुडघे वाकवून तेच अंतर अर्धा मीटर केले, तर बल दहाव्या हिश्श्यावर येते. इजा ठरते ती केवळ उंचीवरून नव्हे, तर थांबण्याच्या अंतरावरूनही.

खेळात मात्र एका ठोकळ्याएवढे खोल पाणी कितीही उंचीवरून पडणाऱ्याला अलगद झेलते. खरे पाणी असे करील काय? वीस फूट म्हणजे सुमारे ६ मीटर.

वेगाचा वर्ग = २ × १० × ६ = १२०; म्हणून वेग = सेकंदाला सुमारे ११ मीटर.

हा वेग ताशी ४० किलोमीटर भरतो. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा वेग साधारण इतकाच. समजा, उडी चुकून मुलगा पोटावर पडला आणि त्याच्या शरीराचे पाण्यावर आदळणारे क्षेत्र ०.३ चौरस मीटर आहे. अशा वेगाने शिरणाऱ्या शरीराला सेकंदाला ०.३ × ११ = ३.३ घनमीटर, म्हणजे ३,३०० किलोग्रॅम पाणी बाजूला सारावे लागेल. पाणी काही एका क्षणात वाट देत नाही. या हिशेबाने क्षणभर बसणारा दाब त्याच्या वजनाच्या तीस पटींहून अधिक येतो. तरणतलावात १० मीटर उंचीवरून सूर मारणारे खेळाडू वर्षानुवर्षे सराव केलेले असतात. ते पाण्यात सरळ शिरतात, म्हणजे आदळणारे क्षेत्र अगदी लहान ठेवतात आणि त्यांच्याखाली सुमारे ५ मीटर खोल, स्वच्छ पाणी असते. ओढ्याच्या गढूळ डोहात खाली खडक आहे की चिखल, हे वरून दिसत नाही.

आणि डोहातले पाणी स्थिर नसते. गुडघाभर पाण्यात उभे असताना पायांचे प्रवाहासमोरील क्षेत्र ०.१२५ चौरस मीटर धरू. सेकंदाला १ मीटर वेगाचा प्रवाह सुमारे ६० न्यूटन बलाने ढकलतो. वेग दुप्पट झाला की बल चौपट, म्हणजे सुमारे २५० न्यूटन होते. शेवाळलेल्या खडकावर ५० किलोग्रॅमच्या मुलाच्या पायाला घर्षणाचा आधार जेमतेम १५० न्यूटनचा मिळेल. म्हणजे पाणी केवळ गुडघाभर असूनही तो वाहून जाईल.

५. जागा न सोडण्याचे शहाणपण

खेळात रात्र झाली की एकट्याने काय करावे? तीन लोकरीचे ठोकळे आणि तीन फळ्यांपासून पलंग करावा, चारी बाजू बंद कराव्यात आणि झोपावे. एकटा खेळाडू झोपला की रात्र लगेच सरते, दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही. पुढे प्राण गेला तरी त्याच पलंगाशी पुन्हा जन्म मिळतो. जवळ साहित्य नसेल तर तीन-चार ठोकळे खणून खड्ड्यात स्वतःला कोंडून घ्यावे आणि सकाळची वाट पाहावी. अनुभवी खेळाडू रात्री बाहेर पडत नाहीत, यात कमीपणा मानत नाहीत.

आपल्या भागात घडलेला एक खरा प्रसंग या नियमाशी ताडून पाहा. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली. गाडीत सुमारे एक हजार प्रवासी होते. चहूकडे पाणी, आत अंधार आणि भूक. 'गाडी सुरक्षित आहे, खाली उतरू नका' असे रेल्वेने प्रवाशांना कळविले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व इतर पथकांनी होड्यांतून प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. वर आपण केलेले प्रवाहाच्या बलाचे गणित आठवा, म्हणजे गाडीत बसून राहणे हेच योग्य का होते, ते कळेल. शेकडो टन वजनाच्या गाडीला जो प्रवाह हलवू शकत नाही, तो माणसाला सहज उचलून नेतो.

पण येथेही एक भेद आहे. खेळात आपण एकटे तग धरतो. त्या गाडीतील माणसे वाचली, ती गाडी कोठे आहे हे बाहेरच्यांना ठाऊक होते म्हणून. डोंगरावर जाताना कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघणे, एकट्याने न जाणे आणि बंदीचा फलक असेल तर माघारी फिरणे, हे खऱ्या जगातील तग धरण्याचे पहिले नियम होत. पुन्हा जन्म देणारा पलंग तेथे नाही.

आमच्या विद्यार्थ्याने वहीतील ताशी ४० किलोमीटरच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. कोंडेश्वरचा बेत त्या मुलांनी रद्द केला. त्या रविवारी पाऊस मुसळधार होता आणि चौघेही आमच्याच इमारतीत क्रीपरपासून मागे सरण्याचा सराव करीत बसले होते.

करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याची खूण खाली, तुमच्या दोन बोटांच्या मधोमध असावी, पण बोटे पट्टीला लागू नयेत. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा आणि बोटांपाशी किती सेंटिमीटर आले ते पाहा. पडलेले अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ५ ने भागा आणि वर्गमूळ काढा. तो तुमचा प्रतिक्रियेचा काळ सेकंदांत मिळेल. पट्टी २० सेंटिमीटर पडली असेल, तर हा काळ ०.२ सेकंद येतो. दहा वेळा करून सरासरी काढा. मग डोळे मिटून, मित्राने सोडताना 'हं' म्हणावे अशा रीतीने पुन्हा करा. दोन्ही उत्तरांत फरक पडतो काय?

विचार करा

१. तुमचा प्रतिक्रियेचा काळ ०.३ सेकंद असेल आणि क्रीपर केवळ २ मीटरवर असताना फुसफुसू लागला, तर चालत मागे सरून तुम्ही वाचाल काय? धावण्याचा वेग सेकंदाला ५.६ मीटर धरून तेच गणित पुन्हा करा.

२. तुमच्या पाठीवर ५ किलोग्रॅमची पिशवी असेल, तर ३०० मीटर चढताना किती जास्त कार्य करावे लागेल? त्यासाठी किती जास्त घाम वाळावा लागेल?

३. प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर झाल्यास गुडघाभर पाण्यात पायांवर किती बल पडेल? ते तुमच्या वजनाशी ताडून पाहा.